मेश्राम बाई आणि लकडगंजचा पराग

मेश्राम बाईंच्या शोकसभेत चार जण बोलले. बाई झाडांवर पोटच्या लेकरांसारखे प्रेम करीत, असे चौघांनीही सांगितले. हे खरे नाही. बाईंच्या घरी एक कुंडीसुद्धा नव्हती. महाविद्यालयाच्या बागेत त्या झारी घेऊन उभ्या आहेत, असे दृश्य कोणी पाहिलेले नाही. मी एकदा त्यांना याविषयी विचारले होते. त्या म्हणाल्या, "प्रेमाबिमाचं मला ठाऊक नाही, सर. झाड बघायचं असतं." सभेत मला बोलण्याचा आग्रह झाला. मी नकार दिला. जे बोललो नाही ते येथे लिहितो.

मी भौतिकशास्त्र शिकवीत असे. माझी प्रयोगशाळा आणि बाईंची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि ती पातळ होती. त्यामुळे सायकस या झाडावरचे त्यांचे व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकले, की वेळ आली असती तर ते मीही देऊ शकलो असतो.

बाई मूळच्या उमरेडच्या. वडील हातमागावर बसत. आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर होते, असे त्यांच्या घरात सगळे सांगत. बाई स्वतः मात्र एवढेच म्हणत, "होते असं मी ऐकलेलं आहे." यात अनादर नव्हता. ये आणि स्वतः पाहा, हे धम्माचे वर्णन त्या लहानपणापासून वंदनेत म्हणत आल्या होत्या. इतरांनी ते शब्द म्हटले, बाईंनी ते अंगाला लावून घेतले, एवढाच फरक.

ठेंगण्या, सडसडीत, आवाज जरा घोगरा. गळ्यात काळ्या गोफात ओवलेले भिंग असे. शिक्षकांच्या खोलीत प्राचार्यांची बदली होणार अशी कुजबुज सुरू झाली, की डब्यातले वांगे बाजूला सारून त्या विचारीत, "पाहिलं, वाचलं, की ऐकलं?" बोलणाऱ्याचा उत्साह तेथेच संपे. वाणिज्य शाखेचे एक गृहस्थ त्यांना पाठीमागे 'पंचनामा मॅडम' म्हणत. ते बाईंच्या कानावर गेले होते. त्यांनी हरकत घेतली नाही.

प्रयोगशाळेत त्यांचे दोन नियम होते. जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तेच काढायचे, हा पहिला. पुस्तकातली सुबक आकृती वहीत उतरवली तर त्या तांबड्या शाईने ती आडवी छेदीत. "काय गा, तुझ्या सेक्शनमध्ये एवढी सारखी पेशी? कंपासनं काढली का?" असे विचारीत. मुले हसत आणि पुन्हा काप घ्यायला बसत. दुसरा नियम असा, की विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बरणीतला, रसायनात बुडवून पांढरा पडलेला नमुना ठेवायचा नाही. ताजा हवा. इतर महाविद्यालये वर्षानुवर्षे तीच बरणी काढीत आणि तीच आत ठेवीत. बाईंच्या विभागाचे नमुने परीक्षेच्या सकाळी झाडावरून येत. पुढे शेजारची दोन महाविद्यालयेही आपले नमुने बाईंकडूनच नेऊ लागली. या नियमाचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या ठायी दिसलेला एवढा एकच अभिमान.

आता सायकसविषयी सांगणे भाग आहे. प्रयोगशाळेच्या दाराशी ते झाड होते. दिसायला बुटक्या खजुरासारखे, पण खजुराशी नाते नाही. ज्या वनस्पतींना फूल नाही, फळ नाही, ज्यांचे बी उघड्यावर वाढते, त्यांतली ही फार प्राचीन जात. नर झाड वेगळे, मादी वेगळी. आपल्याकडच्या बागांतून लावलेली झाडे बहुतेक मादीच, कारण ती मादीच्याच खोडाला फुटलेल्या कंदांपासून वाढवतात. दाराशी होती तीही मादी. काही वर्षांआड तिच्या मध्यभागी तांबूस लव असलेल्या, पिसासारख्या पानांचा गड्डा येई. त्या पानांच्या कडांना नारिंगी बीजांडे लागत. जवळपास नर नसल्याने ती तशीच वाळून जात.

नर असता तर काय झाले असते, हा बाईंच्या व्याख्यानाचा कळस होता. बीजांडाच्या टोकावर एक थेंब येतो. पराग त्यात अडकतो. थेंब आटतो तसा पराग आत ओढला जातो. आत तो महिनोन्महिने मुरून राहतो, नळी काढतो, आणि अखेरीस त्यातून शुक्रपेशी सुटतात. त्या पोहतात. आज जिवंत असलेल्या बियांच्या झाडांत हा प्रकार सायकसच्या कुळात आणि गिंको नावाच्या एका झाडात, एवढाच उरला आहे. बाकीच्यांनी पोहणे केव्हाच सोडून दिले. आणि सायकसच्या या पेशी इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनाही कणासारख्या दिसाव्यात.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला. भिंतीपलीकडून मी तो स्पष्ट ऐकला.

"मॅडम, तुम्ही पाह्यलं का हे?"

वर्ग हसला. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "नाही. हे मी वाचलेलं सांगून राहिले."

व्याख्यान देताना त्या नेहमी प्रमाण भाषा बोलत. त्या दिवशी ती सुटली. पुढल्या वर्षापासून त्या व्याख्यानाच्या शेवटी स्वतःच सांगू लागल्या, की आतापर्यंतचे सगळे मी पाहिले आहे, परागाचे हे शेवटचे पाहिलेले नाही. मुलांना त्याचे काही वाटत नसे. बाईंना दर वर्षी ते वाक्य उच्चारावे लागे. एकदा तरी पोहणारी पेशी पाहायची आणि ते वाक्य थांबवायचे, असे त्यांनी ठरवले. निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षे उरली होती.

नर झाड सापडले ते लकडगंजात, इमारती लाकडाच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या बंगल्यासमोर. शेठजींनी ते शोभेसाठी लावले होते आणि त्याला विटले होते. बाईंनी मला बरोबर नेले, कारण त्यांच्या मते शेठजी पुरुषाशी बोलतात. शेठजी माझ्याशीच बोलले.

"सर, हे झाड ना फूल देते, ना फळ. दोन-तीन सालात एकदा हे असं कणीस काढते बीचमधून, अन् मग असा वास मारते का गिऱ्हाईक फाटकातून वापस जाते. तुम्ही घेऊनच जा ना."

"झाड नको. कणीस पाहिजे," बाई म्हणाल्या.

"काय करता त्याचं? औषध बनते का?"

"पराग काढायचा आहे. आमच्याकडे मादी झाड आहे."

शेठजींनी प्रथमच बाईंकडे पाहिले. "म्हणजे सोयरिकीले आल्या तुम्ही," ते म्हणाले, आणि नोकराला चहा आणायला सांगितला.

बाई हसल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत हाच विनोद त्यांनी पुरेसा ऐकला होता. 'झाडाचं लग्न जमलं का, मॅडम?' असे वाणिज्यवाले विचारीत, आणि 'तुमचा सिलॅबस संपला का?' असे बाई उलट विचारीत.

कणीस घरी नेले ते त्यांचे यजमान वामनराव यांनी. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर होते. मोटारसायकलच्या हँडलला गोणपाटाची पिशवी, पिशवीत हातभर लांबीचे कणीस. इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी ते वर्तमानपत्रावर पसरले, तेव्हा मी तेथे होतो. बाई एकेक खवला भिंगातून पाहून कागदावर झटकीत होत्या. वामनराव नाकाला रुमाल लावून दारात उभे.

"काय वं, हे किती दिवस ठेवशील घरात? डोकं दुखून राहिलं मायं."

"सुकेपर्यंत. नाक दाबा."

"कंपनीत गॅस गळते तेव्हा मास्क देते. तू नाही देत."

पिवळसर भुकटीची एक चिमटी निघाली, असे म्हणता येईल. ती काचेच्या छोट्या बाटलीत भरून शीतकपाटात गेली, जवसाच्या चटणीशेजारी. त्या वर्षी दाराशी असलेल्या झाडाला गड्डाच आला नाही. पुढल्या उन्हाळ्यात सगळे घर उमरेडला लग्नाला गेले असताना वीज गेली आणि बराच काळ आली नाही. परत आल्यावर बाटलीत बुरशी होती. वामनरावांनी ती फेकली नाही. बाई पाहतील आणि मग स्वतःच फेकतील, हे त्यांना कळत होते.

त्यानंतर शेठजींनी बंगला बांधकाम कंत्राटदाराला दिला. मात्र शब्दाचा माणूस; पुढचे कणीस आले की कळवीन, असे म्हणाले होते. त्यांनी बाईंना दूरध्वनी केला. "मॅडम, कणीस आलं आहे. पण घर पाडून राहिले. झाड जाते आता."

बाई प्राचार्यांकडे गेल्या. झाड मुळासकट आवारात आणू द्या, म्हणाल्या. आवाराच्या सुशोभीकरणाचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवले होते, आराखडा मंजूर झाला होता आणि आराखड्यात झाड नव्हते. प्राचार्य सौजन्याने बोलले. पुढे असेही म्हणाले, की विभागात विद्यार्थी उरले नाहीत, बाईंच्या निवृत्तीनंतर ती जागा भरली जाणार नाही, तेव्हा झाडाची देखरेख करणार कोण. यात खोटे काहीच नव्हते. बाई उठून आल्या. यंत्राने नर झाड उपटले, ते त्या पाहून आल्या. मला इतकेच म्हणाल्या, "खोड मधून फाटलं."

हाती राहिला तो त्या शेवटच्या कणसाचा पराग. परंतु त्या वर्षी मादीला गड्डा आला होता. हे जुळणे पुन्हा होणार नव्हते. मी तेव्हा निवृत्त झालो होतो आणि सकाळी आवारात फिरायला जात असे. उन्हाळा अजून सरला नव्हता. बाई उन्हे चढण्यापूर्वी झाडाशी येत आणि लाकडी स्टुलावर बसून भिंगातून बीजांडांची टोके पाहत. एका सकाळी त्यांनी मला बोलावले आणि भिंग माझ्या हाती दिले. टोकावर थेंब होता. मोहरीएवढाही नसेल.

"पाहिला?"

"पाहिला," मी म्हणालो.

लहान मुलांच्या रंगपेटीतल्या कुंचल्याने त्यांनी पराग टेकवला. हात स्थिर होता. श्वास मात्र तोंडाने चालला होता. सकाळी सकाळी असे कित्येक दिवस चालले. मग त्यांनी गड्ड्यावर मच्छरदाणीचे कापड शिवून चढवले, खारींपासून जपण्यासाठी.

कोणाला काही सांगितले नाही. विभागात रूपाली नावाची तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण शिक्षिका होती, बाईंचीच विद्यार्थिनी, विभागाची निम्मी कामे तीच करी. तिलाही सांगितले नाही. मी कारण विचारले. "अजून दिसलेलं काहीच नाही, सर. दिसल्याशिवाय काय सांगायचं?" गणपती उठल्यानंतर त्यांनी एक बीजांड कापले आणि परागाने आत नळी काढलेली पाहिली. त्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. माझ्या घरी त्या त्यापूर्वी आल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "नळी आहे. जिवंत आहे. आता दिवाळीच्या सुमारास." पत्नीने पोहे केले. बाईंनी ते सगळे खाल्ले आणि आणखी मागून घेतले. मला ते लक्षात राहिले आहे.

त्यानंतर मी मुलाकडे पुण्याला गेलो. पुढचे मी पाहिलेले नाही. वामनरावांनी सांगितलेले आहे.

दसऱ्यानंतर बाईंना डेंग्यू झाला. रक्तातल्या पेशी खाली गेल्या, रुग्णालयात ठेवावे लागले, काही दिवस त्यांना धड शुद्ध नव्हती. त्याच दिवसांत विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली, नेहमीपेक्षा आधी. परीक्षा घेण्याचे काम रूपालीवर पडले. तिने मॅडमचा नियम पाळला. ताजा नमुना. मॅडमनी जाळी शिवून गड्डा जपला होता, तो परीक्षेसाठीच, यात तिला संशय येण्याचे कारण नव्हते. त्या झाडाच्या गड्ड्याचा दुसरा उपयोग त्या विभागात कधी झालाच नव्हता. परीक्षेच्या सकाळी जाळी उसवून तिने सगळी पाने कापली. काही वर्गाला ठेवली, उरलेली नेहमीप्रमाणे दोन महाविद्यालयांना पाठवली.

मग ती रुग्णालयात आली. बाई तेव्हा उशीला टेकून बसू लागल्या होत्या.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. प्रॅक्टिकल एकदम मस्त झालं. जाळीतलं मटेरियल एवढं फ्रेश होतं, एक्स्टर्नल सर पण म्हणाले, असं कुठंच नाही भेटत."

"सगळं कापलं?" बाईंनी विचारले.

"हो. एक पण वाया नाही गेलं."

बाईंनी पाणी मागितले. वामनराव सांगत, की त्यांनी पेला भरून दिला आणि बाईंनी तो घेतला नाही. रूपालीला पुढे वामनरावांकडूनच सगळे कळले. ती रडत घरी आली. तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "तू नियम पाळलास. यात तुझी चूक नाही." हे त्यांनी मनापासून म्हटले, असे वामनरावांना वाटले. मलाही तसेच वाटते. तिला दोष देता आला असता तर बाईंना ते सोपे गेले असते.

पुण्याहून परतल्यावर मी इंदोऱ्याला त्यांना भेटायला गेलो. बाई बैठकीत खुर्चीवर होत्या, चेहऱ्याचा रंग उतरलेला. आम्ही हवापाण्याचे बोलत होतो, तेवढ्यात एक मुलगी आली. पायल नाव. तृतीय वर्षाची. प्रात्यक्षिकात गुण गेल्याची तक्रार घेऊन आली होती.

"मॅडम, माझ्या स्लाइडमध्ये किडे निघाले. मी एक्स्टर्नल सरांना सांगितलं, तर ते म्हणे नमुना सडका आहे, धुऊन टाक, दुसरा घे. त्यात माझा टाइम गेला. मले पूर्ण नाही करता आलं. यात मायी काय गलती?"

बाई म्हणाल्या, "कसे किडे?"

"होते काहीतरी. गोल. फिरून राहिले होते."

"कसे फिरत होते?"

"भोवऱ्यासारखे. दोन होते. मग एक फुटला. असा आपोआपच फुटला, मॅडम. मग दुसरा पण थांबला."

वामनराव आतल्या दाराशी उभे होते. शुक्रपेशी साध्या पाण्यात फुटते, हे बाईंनी मला मागे सांगितले होते, आणि परीक्षेत काप साध्या पाण्यातच ठेवतात. विद्यार्थ्यांना ते शिकवलेले नव्हते, कारण अभ्यासक्रमात ते नाही. मुलीने ते कोठे वाचले असण्याचा संभव नव्हता. बाईंच्या डोळ्यांत जे आले, ते मी त्यांच्याकडे अन्य कधी पाहिले नाही. त्याला नाव देत नाही.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. बीजांड कापलंस तिथपासून."

पायलने सांगितले. बाईंनी पुन्हा सांगायला लावले. किती मोठे, कोणत्या बाजूला वळत, रंग होता का. मुलीला काही समजेना. आपल्या गुणांचे बोलणे मागे पडले आहे आणि मॅडमना यातून काहीतरी फार हवे आहे, एवढे मात्र तिने ओळखले. तिसऱ्या खेपेला बाई पुढे वाकल्या. गळ्यातले भिंग त्यांनी मुठीत धरले होते. मुलगी चांगल्या मनाची होती. तिला त्यांची दया आली असावी.

"मॅडम, त्याच्यावर ते पट्टे पण होते," ती म्हणाली. "केसांचे. गोल गोल, पाच-सहा वेढे. वर निमुळते होत गेलेले."

बाई मागे टेकल्या.

ते वाक्य मलाही पाठ होते. भिंतीपलीकडून मी ते वर्षानुवर्षे ऐकले होते. बाईच ते वर्गात लिहून देत, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. परीक्षेच्या घाईत, फिरणाऱ्या कणावरचे वेढे कोणी मोजीत नाही.

"पुरे, पायल," बाई म्हणाल्या. "मार्कांचं मी रूपालीशी बोलते. चहा घे."

मुलीने अर्धा चहा घेतला आणि ती गेली. तिच्यामागे फाटक लागल्याचे ऐकू आल्यावर बाईंनी मला विचारले, "सर, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती खरं सांगत होती ना?"

मी विचार केला. फुटण्याचा तपशील खरा वाटत होता. पण एक तपशील पुस्तकातला निघाल्यावर, आधीचा कोठला, हे कोणत्या आधारावर ठरवावे. साक्षीदार एक, काच धुतलेली, नमुना नष्ट.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. मी दुसरे काही म्हणालो असतो, तर त्यांनी ते मानलेही नसते.

डिसेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या आणि उमरेडला वडिलांच्या जागेत राहायला गेल्या. विभाग बंद झाला. आमची पुन्हा भेट झाली नाही. मला शेवटच्या दिसल्या त्या पायल येऊन गेली त्याच संध्याकाळी. वामनराव मला पोचवायला फाटकापर्यंत आले होते, आणि हिंगण्याच्या रस्त्यावर वाहतूक किती वाढली आहे, ते सांगत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बाईंनी पायलचा उरलेला चहा मोरीत ओतला. कप विसळला. मग तो ओट्यावर ठेवायचे राहून गेले. नळ वाहत होता, आणि त्या कप हातात धरून तशाच उभ्या होत्या. वामनरावांचे लक्ष गेले तेव्हा ते बोलता बोलता थांबले, आणि नळ बंद करायला आत गेले.